कडं, नथ आणि दाढ

शिरूर कासारात घड्याळाला तसं फारसं काम नाही. पहिली एसटी आली की सकाळ होते, लाईट गेली की दुपार होते आणि लाईट आली की, मग ती रात्री दोन वाजता का येईना, रानात जाऊन मोटार चालू करायची वेळ होते. ‘पाच मिनिटांत आलोच’ असं कोणी फोनवर म्हणालं की ऐकणारा निवांत दुसरा चहा सांगतो. लग्नपत्रिकेत मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटांचा छापलेला असतो आणि मंगलाष्टकं सुरू होतात ती पुढाऱ्यांच्या गाडीची धूळ दिसल्यावर. बीडला रेल्वे येणार, हे आजोबांनी बापाला सांगितलं, बापाने पोराला सांगितलं. अहिल्यानगरहून ती बीडपर्यंत धावली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. वाट पाहण्यात एवढा मुरलेला मुलूख सेकंदकाट्याकडे बघेल कशाला?

तरीपण घड्याळ हवं. वेळ बघायला नव्हे, हातात असायला. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीला हाताशी धरून सरकारने बंगळुरूला एचएमटीची घड्याळं काढायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं आमच्याकडचा जावई एचएमटीशिवाय बोहल्यावर चढायला तयार नसे. त्या घड्याळाची काच खरं तर प्लॅस्टिकची. ओरखडे पडून पडून आतले आकडे दिसेनासे झाले की टूथपेस्टचा ठिपका घ्यायचा, धोतराच्या सोग्याने गोल गोल घासायचा, की काच लख्ख. पट्टा तुटला तर सुतळीवर भागायचं. २०१६ मध्ये सरकारने तो कारभार गुंडाळायचा निर्णय घेतला, तरी अजून एखाद्या म्हाताऱ्या मनगटावर चावीची ‘जनता’ टिकटिकत असते. पोचे आलेली, रंग उडालेली, पण चालू.

अशा गावात दिवाळीला पुण्याहून भाचा आला. आयटीत आहे. स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलो, तर त्याने डावा हात टेबलावर असा ठेवला, जसा सोनार दागिना ठेवतो. आम्ही कोणी काही बोलेना म्हणून त्यानेच सुरुवात केली.

‘‘मामा, हे ओळखा बरं.’’

‘‘घड्याळ.’’

‘‘ते झालं हो. याचं बेझल बघा. काचेभोवतीचं हे काळं कडं. सिरॅमिकचं आहे. कितीही घासा, ओरखडा पडत नाही.’’

शेजारच्या बाकावरच्या एकाने तत्परतेने खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. भाच्याने हात चटकन मागे घेतला.

‘‘का रे, पडत नाही म्हणालास ना?’’

‘‘पडत नाहीच. पण म्हणून काय मुद्दाम घासायचं?’’

मग किंमत निघाली. आधी तो सांगेना. किंमत सांगत नाही म्हणजे चोरीचं असावं, असा निष्कर्ष निघायला लागल्यावर त्याने हळूच सांगितली. दहा लाखांच्या आसपास. हॉटेलात थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग कोणीतरी म्हणालं, ‘‘ट्रॅक्टर येतो की!’’ आणि पुढची पंधरा मिनिटं घड्याळ बाजूला राहून कोणता ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीसकट येतो की नुसताच, यावर चर्चा झाली.

चर्चा परत घड्याळावर आली तेव्हा प्रश्न नेमके होते. यात फोन लागतो का? नाही. पावलं मोजतं का? नाही. दीड हजाराचं पोराचं घड्याळ मोजतं की. वार दाखवतं का? फक्त तारीख दाखवतं. आठवडी बाजाराचा वार ज्याला कळत नाही ते घड्याळ इथे काय कामाचं, असा चेहरा सगळ्यांनी केला. सेल किती दिवस चालतो? सेल नसतोच, हात हलला की आपोआप चावी बसते. काढून ठेवलं तर तीनेक दिवसांत थांबतं. आणि वेळ? दिवसाला दोन सेकंद इकडेतिकडे. बाजारातलं सेलवरचं दोनशे रुपयांचं घड्याळ एवढी चूक आठवड्यात तरी करतं का, हे कोणाला विचारायचं सुचलं नाही, ते भाच्याचं नशीब.

आता या बेझलबद्दल थोडं. ही चैनीची ‘स्पोर्ट्‌स’ घड्याळं जन्मली खरोखरच्या कामासाठी. रोलेक्सचं सबमरीनर आणि ब्लांपेंचं फिफ्टी फॅदम्स ही दोन्ही १९५३ ची. पाणबुड्याने पाण्यात उतरताना कडं फिरवायचं, त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग खाली किती मिनिटं झाली ते नुसतं बघून कळतं. आज चांगल्या डायव्हर घड्याळाचं कडं एकाच दिशेने फिरतं. चुकून धक्का लागलाच, तर जास्त वेळ झालाय असं दिसावं आणि माणूस लवकर वर यावा, कमी वेळ दिसून खालीच राहू नये, हा त्यातला हिशेब. हे मला फार आवडलं. आमच्याकडे उधारी घेणाऱ्याचा हिशेब नेमका उलट दिशेने फिरतो.

आजचं सबमरीनर तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं. तीनशे मीटर म्हणजे जवळजवळ हजार फूट. सांगायला वाईट वाटतं, पण आमच्याकडे हजार फुटांपर्यंत बोअर घेऊनही कधी कधी नुसती भुकटीच वर येते. घड्याळाची तयारी आहे, पाण्याची नाही. आमची सिंदफणा नदी एरवी अशी असते की पाणबुड्याचं घड्याळ घालून तिच्यात उतरलेल्या माणसाला गुडघ्याखाली पँट भिजवायलाही प्रयत्न करावे लागतील. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आले, तेव्हा ती अशी काही आली की कडं फिरवून वेळ मोजत बसायला कोणी थांबलं नाही.

दुसरं घराणं जीएमटीचं. १९५५ साली पॅन ॲम विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने जीएमटी-मास्टर काढलं: एक जादा काटा, चोवीस तासांचं दुरंगी कडं, अर्धं लाल, अर्धं निळं. एका नजरेत दोन देशांच्या वेळा कळाव्यात म्हणून. हे मात्र आमच्या तालुक्यात खपण्यासारखं आहे. एक काटा पत्रिकेतल्या मुहूर्तावर, दुसरा प्रत्यक्ष लागणाऱ्या लग्नावर. एक कचेरी उघडण्याच्या वेळेवर, दुसरा साहेब येण्याच्या. वैमानिकाला दोन वेळांचा हिशेब महिन्यातून काही वेळा करावा लागत असेल, आम्ही तो रोज करतो आणि तोही बिनघड्याळाचा.

जीएमटीचं ते पहिलं कडं बेकलाईटचं होतं. जुन्या काळ्या टेलिफोनचं आणि लाईटच्या बटनांचं तेच ते बेकलाईट. ते तडकायला लागलं, म्हणून लवकरच ॲल्युमिनियमचं आलं. ॲल्युमिनियम तडकत नाही, पण ओरखडे घेतं आणि उन्हात त्याचा रंग विटतो. काळ्याचा राखाडी होतो, लालाचा गुलाबी, निळ्याचा आभाळासारखा फिकट. आणि इथे या धंद्यातली सगळ्यात मोठी गंमत आहे: अशा विटक्या कड्याचं जुनं घड्याळ संग्राहकांच्या बाजारात चांगल्या रंगाच्या घड्याळापेक्षा महाग जाऊ शकतं. पुरता रंग उडालेल्या कड्याला ते लाडाने ‘घोस्ट’ म्हणतात. भूत!

हे कळल्यापासून मी अस्वस्थ आहे. विटण्याला भाव असेल, तर बीड जिल्हा इतकी वर्षं मागास राहिलाच कसा? आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. नव्या कोऱ्या सदऱ्याचा रंग एका उन्हाळ्यात उतरतो. बँकेच्या पाटीचा, पक्षाच्या फलकाचा आणि उमेदवाराच्या चेहऱ्याचा त्याआधीच उतरतो. जिनिव्हाच्या घड्याळवाल्या मंडळींनी आपली ॲल्युमिनियमची कडी पेटीत भरून इकडे पाठवावीत. आम्ही ती पत्र्यावर, कुरडया-पापडांच्या शेजारी वाळत घालू. कावळे राखायला पोरं आहेतच. दोन उन्हाळ्यांत पन्नास वर्षांचं भूत तयार. या उद्योगाला ना पाणी लागत, ना वीज, आणि शिरूर कासार तालुक्याला याहून सोयीचा उद्योग अजून कोणी सुचवलेला नाही.

पण स्विस माणसाला हे आधी सुचलं नाही. त्याने विटणारं कडंच काढून टाकलं. २००५ मध्ये रोलेक्सने सोन्याच्या जीएमटी-मास्टर दोनवर सिरॅमिकचं कडं बसवलं आणि २०१० पर्यंत ते पोलादी सबमरीनरवरही आलं. सिरॅमिक घड्याळात त्याआधीच शिरलेलं होतं. १९८६ मध्ये आयडब्ल्यूसीने अख्खी पेटीच त्याची केली आणि त्याच वर्षी राडोने पट्ट्याच्या कड्या. पण कड्याचा बोलबाला झाला तो रोलेक्समुळे. पाठोपाठ सगळ्यांनी सिरॅमिक घेतलं.

सिरॅमिक म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर कान तुटलेला कप येतो. त्यात दोष आमचा नाही, कपाचा आहे. हे सिरॅमिक म्हणजे झिरकोनिया, झिरकोनियम धातूचं ऑक्साईड. त्याची पिठासारखी भुकटी करतात, चिकटवणारं द्रव्य घालून साच्यात दाबतात, आकडे कच्च्या कड्यावरच कोरतात आणि मग ते सुमारे दीड हजार ते सोळाशे अंशांच्या भट्टीत घालतात. भाजताना कडं जवळजवळ पावपट आक्रसतं, म्हणून आधीच तेवढं मोठं करावं लागतं. भट्टीतून निघाल्यावर ते इतकं कठीण असतं की पुढची घासाघीस हिऱ्याच्या भुकटीनेच करावी लागते. कोरलेल्या आकड्यांत सोन्याचा नाहीतर प्लॅटिनमचा पातळ थर बसवतात. रंगाचंही सोपं नाही. एकाच कड्यावर निळा-काळा रंग आणायला २०१३ उजाडलं आणि लाल-निळ्याला २०१४, कारण भट्टीत टिकणारा लाल रंग सापडता सापडेना.

आता खरा प्रश्न: हे कडं खरंच टिकतं का? त्याला प्रयोगशाळा शिरूर कासारचीच बरी.

ओरखड्याचं शास्त्र सरळ आहे. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन माणसाने १८१२ साली खनिजांची एक ते दहा अशी उतरंड लावली. वरचा खालच्याला ओरबाडतो, खालचा वरच्याला काही करू शकत नाही. आमच्याकडे अशा उतरंडी बऱ्याच आहेत, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. शंखजिऱ्याची पायरी पहिली, गारगोटीची सातवी, हिऱ्याची दहावी. घड्याळाचं पोलाद साधारण पाच-साडेपाचच्या घरात, झिरकोनिया आठ ते साडेआठ. आमची धूळ काळ्या बेसाल्टाची. तिच्यातले कण पाच-सहाच्या आसपास, मधूनच गारगोटीचा एखादा सातवाला. म्हणजे बीड–शिरूर रस्त्याची धूळ पोलादी पट्ट्याला ओरबाडेल, ॲल्युमिनियमला तर सोलून काढेल, पण सिरॅमिकच्या कड्यापुढे तिचं काही चालणार नाही. उन्हाने रंगही जाणार नाही, कारण रंग वरून दिलेला नसतो, अंगातच भाजलेला असतो. घाम, खत, फवारणीचं औषध, कशाचाही परिणाम नाही.

यापेक्षा कडक परीक्षा उसाच्या फडात. दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली निम्मी गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, नाहीतर थेट कर्नाटकात जाते. उसाच्या पानाच्या कडेला सिलिका असते. म्हणून पाचट हाताला कापतं आणि म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालून फडात उतरतात. पहाटेच्या अंधारात तोडणी, मोळी बांधणी, डोक्यावरून गाडीत भरणी. मनगटावरच्या कड्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा जगात नाही. सिरॅमिकचं कडं तिथे अख्खा हंगाम ओरखड्याशिवाय काढेल, याबद्दल मला शंका नाही.

अडचण एवढीच की तिथे ते जात नाही. ज्याच्या हाताला दिवसभर कोयता, पाचट, दगड आणि लोखंड लागतं, त्याच्या हातात ते घड्याळ नसतं. आणि ज्याच्या हातात असतं, त्याच्या मनगटाला लागणारी सगळ्यात कठीण वस्तू म्हणजे लॅपटॉपची कड. ओरखडा पडू नये म्हणून दहा लाख मोजायचे आणि मग ओरखडा पडेल असं एकही काम करायचं नाही, ही सावधगिरी मला थोर वाटते. भाचा तर गाडीचं टायर बदलायच्या आधी घड्याळ काढून रुमालात गुंडाळतो. स्पोर्ट्‌स घड्याळ आहे ते. खेळ मात्र त्याला चालत नाही.

ओरखड्याची बाजू झाली, आता फुटण्याची. इथे स्विस तंत्रज्ञाला विचारण्यापेक्षा बांगड्या भरणाऱ्या कासाराला विचारावं, कारण मनगटाभोवतीच्या कठीण कड्याचा अनुभव त्याच्याएवढा कोणाला नाही. काचेची बांगडी वर्षभर भाकरी थापते, भांडी घासते, विहिरीचा दोर ओढते; तिला वाकणं माहीत नाही, झिजणं फारसं माहीत नाही. आणि एक दिवस उंबऱ्याला नको तिथे लागते आणि तुकडे. धातूचं पाटलीसारखं कडं पोचतं, वाकतं, ठोकून सरळ होतं. बांगडी एकतर अख्खी असते, नाहीतर नसते. सिरॅमिकचं बेझल बांगडीच्या जातीचं आहे. पोलादाच्या पाच-सहा पट कठीण, पण पोलाद मार खाऊन पोचा घेतं आणि जगतं, सिरॅमिक मार न खाता जगतं. मोरीच्या फरशीवर काठावर पडलं, तर तडकू शकतं. मग टूथपेस्ट नाही, ठोकणं नाही, सुतळी नाही. अख्खं कडं बदलायचं, तेही कंपनीच्या माणसाकडून आणि हजारोंच्या भावात. जुनं ॲल्युमिनियमचं आवरण घड्याळवाला पातळ पात्याने उचकटून क्षणात बदलत असे.

हो, झिरकोनियाची बाजूही सांगितली पाहिजे. बाकीच्या सिरॅमिकांपेक्षा तो चिवट आहे, आणि का, ते १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तीन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं. त्यांच्या लेखाचं शीर्षकच ‘सिरॅमिकचं पोलाद?’ अशा अर्थाचं होतं. झिरकोनियात तडा जायला लागला की तड्याच्या टोकाशी असलेले कण आपली रचना बदलतात आणि फुगतात. त्या फुगण्याने तडा दाबला जातो आणि जागच्या जागी थांबतो. म्हणूनच हे कडं कपासारखं टवका उडून रोज फुटत नाही. गावात याच्या उलट चालतं. कोणाच्या घरात तडा जाताना दिसला की आजूबाजूचे फुगत नाहीत, फुगवतात.

बांगडीचा आणखी एक कायदा घड्याळवाल्यांनी शिकण्यासारखा आहे. हात दाबून, अंगठा मुडपून बांगडी भरताना फुटली, तर ती कासाराच्या खात्यात. बाईकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत. रोलेक्सची हमी २०१५ पासून पाच वर्षांची आहे, चांगली आहे. पण अपघाताने फुटलं-तुटलं ते तिच्यात येत नाही. म्हणजे जे होत नाही, ओरखडे, त्याची जाहिरात. आणि जे होऊ शकतं, फुटणं, त्याची जबाबदारी आपली.

एवढं सगळं भाच्याला ऐकवल्यावर तो म्हणाला, ‘‘मामा, पण हे मटेरियल बघा ना. अवकाशयुगातलं आहे. असं काही गावात कुणी पाहिलंय का?’’

पाहिलंय. रोज पाहतो. कोणत्याही लग्नात वऱ्हाडातल्या बायकांच्या नाकाकडे बघ. नथीतले मोती सोडून जे चमकतात ते ‘अमेरिकन डायमंड’ म्हणजे क्युबिक झिरकोनिया. तोच झिरकोनियम, तेच ऑक्साईड. स्थिर करायला घातलेल्या यट्रिया नावाच्या द्रव्याचं प्रमाण जास्त आणि बारीक कणांऐवजी एकसंध स्फटिक, एवढाच फरक. दागिन्यासाठी तो मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत सत्तरच्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत पक्की झाली. म्हणजे अमेरिकेचा हिरा रशियात घडला आणि शिरूर कासारात नाकात बसला. आणि याचा कच्चा माल काही आल्प्सच्या शिखरावर उगवत नाही. झिरकॉन समुद्रकाठच्या वाळूत असतो. आपल्याकडे केरळात चवऱ्याला आणि तमिळनाडूत मनवलकुरिचीला ती वाळू उपसतात. स्विस लोकांजवळ समुद्रच नाही.

‘‘नथ काय रोज घालतात का?’’ भाचा म्हणाला. बरोबर आहे, नथ सणासुदीची. मग रोजचंच घे. तुझ्या आजीची दाढ. दोन वर्षांपूर्वी बीडला दातांच्या डॉक्टरांनी तिच्या किडलेल्या दाढेवर जी पांढरी टोपी बसवली ती झिरकोनियाची आहे. तिची कृतीही तीच: आधी खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून पावपट मोठी कोरायची, मग दीड हजार अंशांच्या आसपास भाजायची, आक्रसून मापाची होते. घड्याळाच्या कड्याची आणि आजीच्या दाढेची जन्मकथा एकच. फरक पुढच्या आयुष्यात आहे. कडं रुमालात गुंडाळून कपाटात जातं. दाढ सकाळी बाजरीची भाकरी चावते, हंगामात हुरडा चावते, खडीसाखर फोडते, आणि उरलेल्या वेळात सुनेवर करकरते. खडा लागला तर खडा फुटतो. धुळीचं, उन्हाचं, पाण्याचं सोड, तिला रोज आजीच्या जबड्याचा दाब सोसावा लागतो. याला म्हणतात स्पोर्ट्‌स.

याच द्रव्याने स्टँडवरचं राजकारणही थोडं रोचक केलंय. भाच्याच्या घड्याळासारखं दिसणारं घड्याळ आमच्याकडे आधीच होतं, कार्यकर्त्यांच्या हातात. पांढरा शुभ्र सदरा, बाही दोन बोटं वर, म्हणजे कडं दिसलं पाहिजे. दुकानदार त्याला अदबीने ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतो आणि तोही शपथेवर सांगतो, ‘‘भाऊ, सिरॅमिक आहे.’’ खऱ्या सिरॅमिकवर पोलादी सुईने चरा उठत नाही. पण कार्यकर्त्याच्या घड्याळावर सुई फिरवायला जाणार कोण? शिवाय त्याची गरज वेगळी आहे. खऱ्याला जन्मभर टिकायचं असतं, कॉपीला फक्त निवडणुकीपर्यंत. त्या मुदतीत ती कमी पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि कडं फुटलंच, तर दुसऱ्या दिवशी नवं; दहा लाखांच्या मालकाला ही चैन परवडत नाही.

तेव्हा निकाल असा. सिरॅमिकचं बेझल टिकाऊ आहे, यात जाहिरात खोटं बोलत नाही. धूळ, ऊन, घाम, पाचट यांना ते आयुष्यभर पुरून उरेल. पन्नास वर्षांनीही ते तुमच्याहून नवं दिसेल, आणि रंग न उडाल्यामुळे भूत म्हणून त्याचा भाव चढण्याची शक्यताही नाही. ज्यांना घ्यायचंच आहे, त्यांनी खुशाल घ्यावं. फक्त फरशीवर पाडू नये, हमीच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचावीत आणि घातल्यावर हाताने एखादं तरी काम करावं, म्हणजे त्या बिचाऱ्याला आपला गुण दाखवायची संधी मिळेल. पण ज्यांना फक्त टिकाऊपणा हवा आहे, घड्याळाचा हट्ट नाही, त्यांनी बीडला जाऊन दाढेवर टोपी बसवून घ्यावी. द्रव्य तेच, खर्च काही हजारांचा, रोज वापरात, आणि चांगल्या लॅबचं कार्ड घेतलंत तर हमी दहा-पंधरा वर्षांची. घड्याळाची पाचच आहे.